शिंगे झाकणारी पट्टी आणि मेणाचा केक

आमच्या आक्काचे लग्न येत्या वैशाखात ठरले आहे, आणि गेला महिनाभर आमच्या घरात एका केकवरून महाभारत चालू आहे. होणारे भावोजी हुबळीला नोकरीत आहेत. त्यांच्या मित्रमंडळींची हौस अशी, की संध्याकाळच्या स्वागत समारंभात वधूवरांनी मिळून एक तीन मजली केक कापावा. निरोप आला मात्र, काका कडाडले, "लग्न आहे की वाढदिवस? उद्या म्हणाल, भटजींच्या जागी पाद्री बसवा!" मामा म्हणाले, "काळ बदलला दाजी, पोरांची हौस आहे, कापू देत की." शेंगा सोलत बसलेली आज्जी तेवढ्यात काकांना म्हणाली, "तुझ्या बाबांनी लग्नात सूट घातला होता, अन् वर मुंडावळ्या. तेव्हा कुणी विचारलं नाही, सूट कुठल्या शास्त्रातला म्हणून."

काका गप्प झाले, पण वाद मिटला नाही. 'आपली संस्कृती' विरुद्ध 'नवा काळ' अशा दोन पक्षांत घर विभागले गेले आहे. या सगळ्यात दोन माणसे काहीच बोललेली नाहीत. एक मी, कारण घरातल्या धाकट्यांना अशा बैठकीत मत नसते. दुसरी आक्का, जिचे लग्न आहे ती! तिथे जे बोलता आले नाही, ते इथे लिहीत आहे.

योगायोग असा, की याच दिवसांत समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी जपानमधल्या लग्नांविषयी वाचत होते. वॉल्टर एडवर्ड्स या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली आणि ओफ्रा गोल्डस्टाइन-गिडोनी या विदुषीने १९९७ साली या विषयावर एकेक पुस्तक लिहिले आहे. शिवाय आमच्या गल्लीतले एक दादा तीन वर्षे ओसाकाला नोकरी करून आले. तिथल्या एका सहकाऱ्याच्या लग्नाला ते गेले होते आणि त्या दिवसाची हकिकत त्यांच्या तोंडून ऐकण्यासारखी आहे. वाचता-ऐकताना मला सारखे वाटत राहिले, की आमच्या काकांना आणि मामांना एकदा जपानमधल्या लग्नाला नेऊन बसवले पाहिजे. दोघांचीही पंचाईत होईल!

आता तिथल्या लग्नाचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. १९८० च्या दशकात शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये लागणारे लग्न साधारण असे असे. हॉलच्याच एका मजल्यावर शिंतो देवघर. तिथे वधू पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या किमोनोत. वर काळ्या पोशाखात, अंगावर घराण्याचे चिन्ह. पुरोहित शुद्धीचा मंत्र म्हणतो. मग 'सान-सान-कुदो', म्हणजे तीन त्रिक नऊ. लहान, मध्यम, मोठा अशा तीन पेल्यांतून तांदळाचे मद्य तीन-तीन घोटांनी घ्यायचे. आपली सात पावले, त्यांचे नऊ घोट! याच विधीत, देवासमोर, अंगठ्यांचीही अदलाबदल होते, आणि अंगठी तर सरळसरळ पश्चिमेची. मग मंडळी मेजवानीच्या दालनात जातात. वधू आधी रंगीत किमोनोत येते, थोड्या वेळाने नाहीशी होते आणि पांढऱ्या युरोपियन गाऊनमध्ये परत येते, पुन्हा नाहीशी होते आणि रंगीत गाऊनमध्ये उगवते. या वेषांतराला नावही आहे, 'ओइरोनाओशी'. मध्येच भला उंच केक कापला जातो. मग दिवे मंद होतात आणि वधूवर हातात एकच मेणबत्ती धरून प्रत्येक टेबलावरची मेणबत्ती पेटवीत फिरतात. शेवटी वधू आईवडिलांना उद्देशून लिहिलेले पत्र वाचते, त्यांना फुले देते, आणि सगळे दालन डोळे पुसते.

हे ऐकून काका म्हणतील, "बघा, पश्चिमेने त्यांची जुनी लग्नपद्धत कशी नासवली!" पण काकांना विचारायला हवे, जुनी म्हणजे किती जुनी? लोकांना अनादी वाटणारी ही शिंतो विवाहपद्धत उणीपुरी सव्वाशे वर्षांची आहे. १० मे १९०० रोजी जपानचे युवराज योशिहितो, म्हणजे पुढचे तैशो सम्राट, यांचा विवाह राजवाड्यातल्या देवस्थानासमोर झाला. ते पाहून लोकांनाही तसे लग्न करावेसे वाटू लागले, आणि पुढच्याच वर्षी तोक्योच्या हिबिया दाइजिंगू या देवळाने सामान्य लोकांसाठी तसा विधी बसवून दिला. त्याआधी लग्न घरात लागे. संध्याकाळी वधूची मिरवणूक वराच्या घरी जाई, पेल्यांची देवघेव होई, जेवण होई. त्याला पुरोहित नव्हता, देऊळही नव्हते. देवासमोर दोघांनी उभे राहायचे, ही कल्पना सुचताना ख्रिस्ती लग्नांचाही कित्ता डोळ्यांसमोर असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे परंपरा म्हणून जिची आरती ओवाळायची, तीच अर्धी कलमी निघाली!

मामांनीही फार खूश होऊ नये. नव्याचीही गंमत कमी नाही. जपानमध्ये ख्रिस्ती लोक शंभरात एखादा. तरी १९९० च्या दशकात चर्चच्या धर्तीवरच्या लग्नांनी शिंतो लग्नांना मागे टाकले. १९८० साली गाणे सोडून संसाराला लागलेली लोकप्रिय गायिका मोमोए यामागुची हिने तोक्योतल्या रेइनानझाका चर्चमध्ये लग्न केले. पुढच्या वर्षी इंग्लंडचे युवराज चार्ल्स आणि डायना यांचे लग्न जगभर दूरदर्शनवर दिसले. पांढरा पायघोळ पोशाख आणि वडिलांच्या हाताला धरून चालत येणारी वधू हे चित्र मनामनांत बसले. मग हॉलवाल्यांनी आणि हॉटेलवाल्यांनी चर्चसारख्या दिसणाऱ्या वास्तू बांधल्या. तिथे प्रार्थना करणाऱ्यांची रोजची वस्ती नाही, फक्त लग्ने लागतात. पाद्री म्हणून उभा राहणारा गोरा गृहस्थ कित्येकदा आठवडाभर इंग्रजी शिकवणारा मास्तर असतो आणि रविवारी झगा चढवतो. वधू ज्या वाटेने चालत येते तिला जपानी लोक 'बाजिन रोदो' म्हणतात. शब्द इंग्रजी आहेत, पण कुठल्याही इंग्रजाने ते नाव या वाटेला दिलेले नाही. ते जपानमध्येच तयार झाले.

आणि या चर्चमधल्या लग्नाचा दिवस कसा ठरतो? कॅलेंडर पाहून! तिथेही सहा दिवसांचा एक शुभाशुभ फेरा आहे, तो मूळचा चीनचा. 'ताइआन' हा सर्वांत चांगला दिवस, 'बुत्सुमेत्सु' वाईट. ताइआनचा रविवार महिनोन् महिने आधी भरून जातो, तर बुत्सुमेत्सुला हॉलवाले भाड्यात सूट देतात. येशूच्या क्रुसासमोर उभे राहायचे, पण मुहूर्त पाहून! मी हे दादांना हसत हसत सांगितले तर ते म्हणाले, "हसू नकोस. तुझ्या आक्काचा हॉल मिळाला तो मुहूर्तावर की हॉल रिकामा होता म्हणून?" मी गप्प बसले. खरे म्हणजे आधी हॉलची तारीख मिळाली आणि मग गुरुजींनी त्या तारखेला मुहूर्त काढून दिला.

आता ज्यावरून आमच्याकडे रण माजले त्या केकची गोष्ट. जपानमधला तो उंच केक बरीच वर्षे केकच नव्हता! मेणाचा वा तसल्याच कशाचा तरी मनोरा, आणि सुरी जावी म्हणून त्याला एका ठिकाणी खाच. वधूवरांनी खाचेत सुरी घालायची, छायाचित्रकारांनी दिवे चमकवायचे, आणि मनोरा पुन्हा कोठीत, पुढच्या लग्नासाठी. खरा, खाता येणारा केक पुढे रूढ झाला. हे वाचून मला आधी हसू आले. पण त्याच प्रसंगातली आणखी एक गोष्ट वाचली आणि हसू थांबले. सूत्रधार त्या वेळी 'केक कापत आहेत' असे म्हणत नाही. लग्नात 'कापणे' हा शब्द अशुभ, तसेच 'तुटणे', 'परत जाणे', 'संपणे' हेही. म्हणून तो म्हणतो, 'केकमध्ये सुरी घालत आहेत.' समारंभ 'संपत' नाही, तो 'उघडतो'.

हे वाचताना मला आमची आज्जी आठवली. देवापुढे नारळ ठेवला तर ती तो 'फोड' म्हणत नाही, 'वाढव' म्हणते. बांगडी फुटली तर 'वाढली'. घरातून निघणाऱ्याने 'जातो' म्हटले तर रागावते, 'येतो' म्हणायला लावते. कुठे बेळगावची आज्जी आणि कुठे ओसाकाचा सूत्रधार! केक परदेशी आहे, सुरी परदेशी आहे, पण ज्या जिभेने त्याचे नाव घ्यायचे ती घरचीच राहिली. परकी वस्तू आपल्या अंगणात आली की ती आपल्या चालीने चालू लागते. त्या वस्तूला भिणाऱ्यांनी निदान एवढा भरवसा आपल्या भाषेवर ठेवायला हरकत नाही. आपणही तेच केले आहे. लग्नाच्या वरातीतला ब्रास बँड कुठल्या पुराणात सांगितला आहे? छापील पत्रिका, फोटोचा अल्बम, मुंडावळ्यांखालचा सूट? आमच्या वर्गातल्या कन्नड मैत्रिणींच्या घरच्या पत्रिकेत स्वागत समारंभाला 'आरतक्षते' म्हणतात. शब्दात आरती आणि अक्षता आहेत. प्रसंगी मात्र सजवलेल्या स्टेजवर दोन खुर्च्या आणि पाकिटे घेऊन उभी राहिलेली रांग! जुन्या नावाच्या डब्यात नवा जिन्नस. त्याने कुणाचे काही बिघडलेले नाही.

मग सगळेच चालेल काय? कुणी काहीही आणावे आणि कशातही मिसळावे? इथे माझे मत मामांच्याही पक्षात जात नाही. माझे म्हणणे असे, की चाल कुठून आली हा प्रश्न लहान आहे. ती चाल त्या दोघांना काय करायला लावते आणि कुणाच्या मानेवर काय ठेवते, हा प्रश्न मोठा आहे. जपानच्या लग्नाला ही कसोटी लावली, की त्या मिश्रणातले सोने आणि पितळ वेगळे दिसू लागते.

आधी सोने. केकमध्ये सुरी घालताना सूत्रधार आणखी एक वाक्य म्हणतो, की हे या पतिपत्नींचे पहिले एकत्र काम. एका सुरीवर दोघांचे हात. जुन्या पद्धतीच्या मेजवानीत वधूने मान खाली घालून बसायचे असे. उसन्या आणलेल्या केकने तिला उठवले आणि चारचौघांत वराच्या बरोबरीने एक काम करायला लावले. वधूचे पत्रही तसेच. मेजवानीत मानाच्या जागी वराचा साहेब, गुरुजन, पाहुणे बसतात. दोघांचेही आईवडील सर्वांत मागे, दाराजवळच्या टेबलावर, कारण ते यजमान. त्या मागच्या टेबलाकडे तोंड करून मुलगी सगळ्यांदेखत बोलते, तुम्ही मला असे वाढवले, अमुक दिवशी मी तुम्हांला असे दुखवले. काही मुली आपल्या जन्माच्या वेळच्या वजनाइतके तांदूळ पिशवीत भरून ती पिशवी आईच्या हातात देतात. पुन्हा एकदा ते ओझे आईने उचलायचे! हा प्रकार जुना जपानी नाही आणि पाश्चात्त्यही नाही, तिथल्या तिथे अलीकडे उगवलेला आहे. आमच्याकडे पाठवणीच्या वेळी मुलगी रडते, पण बोलत कुठे असते? तिला कुणी दोन मिनिटे बोलायला दिली तर ती काय सांगेल, याची कल्पना करून पाहावी.

आता पितळ. पांढऱ्या किमोनोबरोबर वधूच्या केशरचनेवरून एक रुंद पांढरी पट्टी बांधतात. तिचे नाव 'त्सुनोकाकुशी', म्हणजे शिंगे झाकणारी. स्त्रीच्या डोक्यावर मत्सराची आणि रागाची शिंगे उगवतात, ती सासरी दिसू नयेत म्हणून ही पट्टी, असे सांगितले जाते. वराच्या डोक्यावर काही नसते. त्याला बहुधा शिंगे फुटतच नसावीत! किमोनोच्या पांढऱ्या रंगाचाही असाच एक अर्थ सांगतात, की वधू माहेराला मेली, आता सासरच्या रंगात रंगायला कोरी होऊन आली. मग ती वेष बदलून गाऊनमध्ये येते तेव्हा आपल्याला वाटते, की शिंगांची पट्टी उतरली, मोकळी झाली पोरगी. पण तसे झाले का?

यासाठी आडनावाची गोष्ट पाहावी लागते. जपानमध्ये हॉलमधल्या समारंभाला कायद्याने काडीची किंमत नाही. लग्न होते ते नगरपालिकेच्या कचेरीत एक अर्ज देऊन, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. त्या अर्जात एक रकाना असतो, लग्नानंतर दोघांचे आडनाव कोणते? पतीचे किंवा पत्नीचे, पण दोघांचे एकच. कायद्यात 'पतीचेच' असे कुठेही लिहिलेले नाही. प्रत्यक्षात मात्र शंभरातल्या सुमारे ९५ जोडप्यांत आडनाव सोडते ती बायको. ज्यांना हे मान्य नाही अशी माणसे न्यायालयात गेली. २०१५ साली आणि पुन्हा २०२१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनेला धरून आहे असाच निकाल दिला. कायद्याची बाजू घेणारे म्हणतात, ही आमची परंपरा आहे. परंपरा! १८७५ साली सर्वांनी आडनाव लावावे असा हुकूम झाला. १८७६ सालच्या सरकारी आदेशात बायकांनी माहेरचेच आडनाव लावावे असे होते. दोघांना एका घराण्याचे एकच नाव ही सक्ती आली ती १८९८ च्या नागरी कायद्याने. म्हणजे ही परंपरा १९०० सालच्या त्या शाही लग्नाच्या फक्त दोन वर्षे आधीची.

त्यात दुःखाची गोष्ट अशी, की १९४७ साली अमलात आलेल्या जपानी घटनेच्या २४ व्या कलमात विवाह केवळ दोघांच्या संमतीवर उभा राहील आणि पतिपत्नींचे हक्क समान असतील, असे स्पष्ट म्हटले आहे. त्या कलमाचा पहिला मसुदा बिआते सिरोता या बावीस वर्षांच्या मुलीने केला होता. बालपण जपानमध्ये काढल्यामुळे तिथल्या बायकांचे हाल तिने डोळ्यांनी पाहिले होते. बावीस वर्षे, म्हणजे आमच्या एम.ए.च्या वर्गातल्या मुलींचे वय! घराणेशाहीचा तो जुना कायदा युद्धानंतर गेला, स्थळे पाहून ठरणाऱ्या लग्नांना १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रेमविवाहांनी मागे टाकले, किमोनोवर गाऊन आला, देवळावर चर्च आले, आणि अर्जातला तो रकाना जिथल्या तिथे राहिला. एका दिवसात वधूने तीनदा कपडे बदलावेत, इतकी मोकळीक मिळाली. नाव न बदलण्याची मोकळीक तेवढी मिळाली नाही. बदल मिरवला जातो तेव्हा तो बहुधा कपड्यांतच अडकलेला असतो, असे मला या उदाहरणावरून वाटू लागले आहे.

दुसरे ओझे पैशाचे. दादांना लग्नाचे आमंत्रण आले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना आहेराचे शास्त्र शिकवले. नोटा नव्या कोऱ्या हव्यात, कारण आनंदाच्या प्रसंगासाठी आधीपासून तयारी केली होती हे दिसले पाहिजे. मित्राने साधारण तीस हजार येन द्यायचे, दहा-दहा हजारांच्या तीन नोटा. दोन नोटा नकोत, दोनाचे दोन भाग होतात! चारचा उच्चार मृत्यूसारखा, म्हणून चारही नकोत. पाकिटावरच्या दोरीची गाठ अशी, की ओढली तर सुटत नाही, अधिकच आवळते. दादा म्हणाले, "आपण एकशे एक घालतो, वरचा एक रुपया मोडू नये म्हणून, तसंच आहे ते. फक्त त्या पाकिटानं माझा महिन्याचा हिशेब मोडला." परत येताना हातात भेटवस्तूंची पिशवी असते. त्यात थरांवर थर असलेला जर्मन केकही असतो, आयुष्याच्या वर्षांसारखे थर म्हणून. हॉलचा खर्च सुमारे तीस लाख येन आणि कित्येकदा त्याहून जास्त. गोल्डस्टाइन-गिडोनी यांनी दाखवून दिले आहे, की किमोनोचे 'अस्सल जपानीपण' आणि गाऊनचे 'पाश्चात्त्यपण' हे दोन्ही एकाच दुकानातून, एकाच यादीवर खुणा करून मिळतात. म्हणजे आमचे काका आणि मामा ज्या दोन पक्षांसाठी भांडत आहेत, त्या दोन्ही पक्षांचा व्यापारी एकच!

जपानी तरुणांना हे कळलेले नाही असे नाही. १९९० च्या दशकात तिथली भरभराट ओसरली तेव्हा साध्या लग्नांची लाट आली. कित्येक जोडपी आज फक्त अर्ज देतात आणि फोटो काढून घेतात. काही जण देव आणि पाद्री दोघांनाही सोडून जमलेल्या माणसांसमोर शपथ घेतात. काही जण ओढीने पुन्हा देवळाकडे वळले आहेत. लग्नांची संख्या मात्र घसरली आहे. १९७२ साली जपानमध्ये जवळजवळ ११ लाख लग्ने झाली, २०२३ साली ५ लाखांहूनही कमी. याचे खापर केकवर किंवा किमोनोवर फोडणे वेडेपणाचे होईल. तरुणांची संख्याच घटली आहे, नोकऱ्या पक्क्या नाहीत, कामाचे तास संपत नाहीत, आणि घर, मुले, म्हातारी माणसे यांची उस्तवार बहुतांशी बाईनेच करायची आहे. पण एवढे तरी या आकड्यांवरून समजावे, की हॉल कितीही सजवला तरी नंतरच्या संसाराची मांडणी बदलल्याखेरीज माणसे त्यात पाऊल टाकायला कचरतात.

माझ्या एका प्राध्यापकांना हा मुद्दा पटला नाही. ते म्हणाले, "विधी हा विधी असतो. त्याचा शब्दार्थ कोण लक्षात घेतो? शिंगांची पट्टी बांधणाऱ्या मुलीला ती शोभते म्हणून ती बांधते. त्यात तू गुलामगिरी कशाला शोधतेस?" त्यांचे म्हणणे मी टाकून देत नाही. पट्टी बांधून पुढे सुखाने, बरोबरीने संसार करणाऱ्या हजारो असतील, आणि गाऊन घालून जन्मभर दबलेल्याही असतील. पण मग तोच न्याय केकलाही लावावा. त्याचाही शब्दार्थ काकांनी घेऊ नये! आणि विधीतल्या शब्दांना काहीच अर्थ नसता, तर जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुरोहिताशिवाय सत्यशोधक पद्धतीची लग्ने लावण्याचा खटाटोप कशाला केला असता? पुढे त्यांनी मंगलाष्टकेही मराठीत नव्याने रचली, आणि त्यांत वधू वराकडे बायकांच्या हक्कांविषयी बोलते. हार, अक्षता ही जुनी सामग्री त्यांनी टाकली नाही. बदलले ते माणसांच्या तोंडचे शब्द. कुठे हात घालायचा हे त्यांना नेमके कळले होते.

आपल्याकडे जपानसारखा आडनावाचा कायदा नाही. लग्नानंतर नाव बदलावेच असे आपल्या कायद्याने कुणावर लादलेले नाही. पण आपण त्याच्याही पुढे गेलेले! ताटात तांदूळ पसरून वर अंगठीने त्यावर वधूचे नवे नाव लिहितो. नुसते आडनाव नव्हे, आईने पाळण्यात ठेवलेले नावसुद्धा. जपानी बाईचे निदान तेवढे तरी तिच्याजवळ राहते. कायदा नसताना जे आपण हसत-खेळत करतो, त्याला आपण कोणत्या तोंडाने जपानच्या कायद्यावर बोट ठेवायचे?

हे सगळे मी एका रात्री आक्काला सांगितले. ती पत्रिकांच्या पाकिटांवर पत्ते घालीत बसली होती. शिंगांच्या पट्टीला ती हसली. तांदळाच्या पिशवीची गोष्ट ऐकून थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "केक कापा नाहीतर नारळ वाढवा, मला दोन्ही चालतंय. पण ताटात कोणतं नाव लिहायचं, हे मला एकदा तरी कुणी विचारलंय का?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी तिने हेच सगळ्यांसमोर विचारले. केकवरून महिनाभर तावातावाने बोलणारी माणसे एकदम आमटीत पाहू लागली. काका म्हणाले, "ते नंतर बघू." मामा म्हणाले, "ते त्यांच्याकडचं आहे, आपण कसं बोलायचं?" प्रथमच दोन्ही पक्षांचे एकमत झाले! फक्त आज्जी म्हणाली, "माझं लग्नाआधीचं नाव आता या घरात कुणाला ठाऊक हाय?" खरेच, मला ते ठाऊक नव्हते. मी विचारले तेव्हा तिने सांगितले, आणि सांगताना ती लाजली.

केकचा निकाल लागला आहे. तो येणार आहे, मात्र बिनअंड्याचा, ही काकांची अट. नावाचा निकाल अजून लागलेला नाही. येत्या रविवारी आक्का स्वतः भावोजींशी बोलणार आहे. त्यांनी काय उत्तर दिले हे मला या अंकात सांगता येणार नाही, कारण लेख आजच संपादकांकडे द्यायचा आहे. पण या अंकाच्या मराठी आणि कन्नड, दोन्ही विभागांच्या वाचकांना माझी एक विनंती आहे. येत्या लग्नसराईत तुमच्या घरात 'हे आपले की परके' असा वाद निघाला, तर तो जरा बाजूला ठेवा आणि जिचे लग्न आहे तिला विचारा, यातले तुला काय जड होते? ती उत्तर देईपर्यंत थांबा. उत्तर यायला वेळ लागेल, कारण हा प्रश्न तिला बहुधा पहिल्यांदाच विचारला गेला असेल.